जास्वंदीचा छेद, तुकोबांचा अभंग आणि माझी श्रेयवही

मंडळी, मागच्या नोंदीत लिहिलं होतं की सातवीसाठी फुलाच्या भागांचा व्हिडिओ 'जवळजवळ तयार' आहे. तो जवळजवळच राहिला. पाच मिनिटांच्या व्हिडिओत अकरा चित्रं आणि श्रेयवहीत नोंद फक्त चारांची! उरलेली सात मी दोन वर्षांपूर्वी कुठून कुठून उतरवून 'फूल नवीन फायनल २' नावाच्या फोल्डरात टाकली होती. सगळी काढली आणि पुन्हा पहिल्यापासून बसले.

नवीन आलेल्यांसाठी: श्रेयवही म्हणजे साधी स्प्रेडशीट. चित्राचं नाव, कुणाचं, कुठून घेतलं, परवाना कोणता आणि मी त्यात काय बदललं. शेवटचा रकाना मीही बरेच दिवस रिकामा सोडत होते. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे काही अटी पाळून कुणालाही वापरता येईल अशा परवान्याचं चित्र कापलं, त्यावर नावं टाकली, तर तसं सांगावं लागतं, हे परवाना नीट वाचल्यावर कळलं.

आमच्या स्टाफरूममधला नेहमीचा प्रश्न, 'वर्गात सगळं चालतं, मग ही उठाठेव कशाला?' वर्गात बरंच चालतं, हे खरं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला शिकवण्याच्या ओघात कोणत्याही साहित्यकृतीची किंवा कलाकृतीची प्रत काढू देतं, प्रश्नपत्रिकेतही वापरू देतं. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानावर प्रकाशकांनी खटला भरला, तेव्हा २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'शिकवण्याचा ओघ' म्हणजे नुसता तासाचा वेळ नव्हे, असाच अर्थ लावला. पण माझा व्हिडिओ वर्गात थांबत नाही ना! आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या फोनवरच्या गटावर जातो, तिथून दुसऱ्या तालुक्यात, आणि शेवटी कुणीतरी तो आपल्या चॅनलवर चढवतं. तिथे कलम ५२ माझ्या पाठीशी उभं राहील अशी खात्री मी धरत नाही. म्हणून यंदा ठरवलं, गावाबाहेर गेलं तरी चालेल असंच सामान वापरायचं.

फुलाचा उभा छेद शोधताना तीन फाइली हाताशी आल्या. पहिली सगळ्यांत देखणी, पण परवान्यात 'एनडी', म्हणजे बदल करून वाटता येणार नाही. इंग्रजी नावं पुसून पुंकेसर, जायांग, निदलपुंज लिहिणं हा बदलच झाला. बाद. दुसरी 'बाय-एसए', म्हणजे श्रेय द्या आणि बदललेलं त्याच अटींवर वाटा. ती चालली असती, फक्त माझी मराठी आवृत्तीही त्याच परवान्याखाली द्यावी लागली असती, आणि त्याला माझी ना नाही. तिसरी विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रांच्या संग्रहावर, प्रताधिकारमुक्त, तीही एसव्हीजी, म्हणजे रेषा आणि अक्षरं सुटी बदलता येतील अशी फाइल. घेतली ती. प्रताधिकारमुक्त असूनही श्रेय लिहिते. सवय मोडली की मोडलीच.

इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर पाहिलं तर नावं मजकूर म्हणून शाबूत होती. कित्येकदा अक्षरांचे पाथ, म्हणजे नुसत्या रेषा केलेल्या असतात, मग एकेक अक्षर खोडत बसा. मुक्त परवान्याचा 'मुक्ता' फॉन्ट लावला, जोडाक्षरं व्यवस्थित आली. एक सूचना: मराठी आवृत्ती परत कॉमन्सवर चढवणार असाल तर तिथला सर्व्हर आपल्याकडचे फॉन्ट वापरून चित्र दाखवतो. तुमचा फॉन्ट त्याच्याकडे नसेल तर नावं इकडेतिकडे सरकतात. मी आता नावांभोवती थोडी जागा जास्तच सोडते.

आणि मग एवढं करून वर्गात जास्वंद कापली, तर ती आकृतीशी जुळेना! आकृतीत पुंकेसर सुटे, जास्वंदीत त्यांची नळी झालेली आणि तिच्या आतून कुक्षीवृंत वर गेलेला. 'बाई, आकृती चुकलीय,' असं पोरांनी जाहीर केलं. चुकलेली नाही, पण आमच्या अंगणातली नाही. मग ब्लेडने उभा छेद घेऊन फोनवर फोटो काढले. त्या रकान्यात माझंच नाव आलं, जरा भारी वाटलं.

आवाजाचं काम मात्र फसलं होतं. सुरुवातीला 'वृक्षवल्ली आम्हां सोयरे' लावलं होतं आणि तुकोबांचा अभंग म्हणून निर्धास्त होते. व्हिडिओ चढवल्याच्या दिवशीच कॉपीराइटचा क्लेम, म्हणजे हक्काचा दावा आला. शब्द तुकोबांचे, ते सगळ्यांचे. पण रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, प्रकाशनानंतर ६० वर्षांचा. चाल कुणी नव्याने बांधली असेल तर तिचाही वेगळा. शेवटी एकादशीला आमच्या भजनी मंडळाच्या बुवांना गाठलं. देवळात गातात त्या पारंपरिक चालीत त्यांनी दोन कडवी म्हटली, फोनवर उतरवली. मागे पंखा ऐकू येतो, असू दे. गाणाऱ्याचेही हक्क असतात, म्हणून कागदावर सही मागितली. बुवा हसले आणि 'श्रीहरी' लिहून खाली सही केली.

फुकट पीडीएफ मिळतं म्हणून पाठ्यपुस्तकातली पानं उचलणाऱ्यांनी एकदा त्याच पुस्तकाचं हक्कांचं पान वाचावं. फुकट वेगळं, मुक्त वेगळं.

सध्याची स्थिती: अकरापैकी दहा चित्रं श्रेयवहीत. अकरावं सातवीतल्या एका मुलीने काढलेला जास्वंदीचा छेद, माझ्या फोटोपेक्षा कितीतरी स्पष्ट. चित्र तिचं, म्हणजे हक्कही तिचा, म्हणून घरी परवानगीची चिठ्ठी पाठवली. दुसऱ्या दिवशी तिचे बाबा कामावर जाता जाता शाळेत आले, चिठ्ठी पुढे केली आणि खिशात हात घालत म्हणाले, 'बाई, किती भरायचे?' समजावून सांगितलं. सही तिच्या आईला विचारून करतो म्हणाले. तोवर व्हिडिओ थांबलाय.