पन्नास हजार बायका, राज्यं चार

अर्थशास्त्राच्या एम.ए.च्या प्रबंधांचा व्हायवा दुसऱ्या दिवशी होता आणि मी दुपारभर प्रती चाळत बसले होते. त्यात माझ्याच विद्यार्थिनीचा प्रबंध हातात आला. अंबरनाथहून रोज येणारी, वर्गात कमी बोलणारी मुलगी. महाराष्ट्र सरकारच्या एका नियमामुळे बायकांचं पगारी काम वाढलं का, हा तिचा प्रश्न होता. नियम कोणता ते इथे लिहीत नाही, कारण तिचं काम अजून चालू आहे.

तिने केलेली मेहनत बाहेरच्या माणसाला दिसणार नाही. पीएलएफएस या केंद्र सरकारच्या रोजगार-पाहणीची घरोघरची माहिती तिला मिळाली ती नुसत्या आकड्यांच्या लांबच लांब ओळींत, मधे स्वल्पविरामही नाही. कितव्या अक्षरापासून वय सुरू होतं आणि कितव्यापासून शिक्षण, हे वेगळ्या तक्त्यात बघून एकेक रकाना कापून काढायचा. मग प्रत्येक ओळीचा गुणक, म्हणजे पाहणीतलं ते एक माणूस किती माणसांच्या वतीने मोजायचं तो आकडा. त्याच फाइलमधले एनएसएस आणि एनएससी नावाचे दोन आकडे सारखे असतील तर 100 ने भागायचं, नसतील तर 200 ने. हे चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. तिचं एकही चुकलं नव्हतं. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक, मध्य प्रदेश, नियमाआधीचं एक वर्ष आणि नंतरचं एक, मिळून पन्नास हजारांवर बायका. मुख्य आकड्याशेजारी तीन तारे, म्हणजे हा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता फारच कमी.

त्या तीन ताऱ्यांवर माझी नजर अडली. स्टँडर्ड एरर, म्हणजे आकडा किती डळमळीत आहे त्याचं माप, काढताना तिने प्रत्येक बाई स्वतंत्र धरली होती. नियम मात्र बाईगणिक आला नव्हता, राज्याला आला होता. एकाच चाळीतल्या पन्नास जणांना ‘आज पाणी आलं का’ विचारलं तर पन्नास उत्तरं मिळतात, माहिती मात्र एकच मिळते. महाराष्ट्रात त्या वर्षी आणखी जे काही घडलं असेल ते सगळ्या बायकांना एकदमच लागलं. बायका पन्नास हजार असल्या तरी तुलना चार राज्यांची होती आणि नियम लागू झालेलं राज्य एकच.

हे दुखणं जुनं आहे. 2004 मध्ये बर्ट्रँड, डफ्लो आणि मुल्लईनाथन या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या बायकांच्या पगाराचे आकडे घेतले, कधीच न झालेले कायदे लॉटरी काढल्यासारखे राज्यांना वाटले आणि नेहमीच्या पद्धतीने परिणाम मोजला. चुकून परिणाम दिसायला हवा होता 5 टक्के वेळा. दिसला 45 टक्क्यांपर्यंत. आमच्या अभ्यासक्रमात हा भाग शेवटच्या आठवड्यात येतो, तोही वेळ उरला तर. गॉस-मार्कोव्ह या प्रमेयाची सिद्धता फळ्यावर तीन तास चालते. विद्यार्थी प्रबंधात काय वापरणार आहेत, याचा विचार अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी केलेला नाही.

आणि जानेवारीतल्या तिच्या मसुद्यावर माझी सही होती. तेव्हाही हे तारे तिथेच होते.

मी तिला बोलावलं. चारही राज्यांना आळीपाळीने ‘नियम इथे आला’ असं धरून मोजायला लावलं. मोजण्याआधीच ती थांबली. “मॅडम, महाराष्ट्राचा परिणाम सगळ्यांत मोठा आला तरी चारात एक. म्हणजे 0.25.” बरोबर होतं. निव्वळ योगायोगानेही चारात एकदा तसं दिसतं, आणि परिणाम खरा मानायला ही शक्यता साधारण 0.05 च्या खाली लागते. कॅलिफोर्नियाच्या तंबाखूविरोधी कायद्यावरचा 2010 चा अभ्यास याच रीतीने झाला होता, पण त्यांच्याकडे तुलनेला 38 राज्यं होती. एकोणचाळिसात एक, म्हणजे 0.026. चार राज्यांत तशी जागाच नाही.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “कार्ड आणि क्रूगर यांनी दोनच राज्यं घेतली होती ना? न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया. तुम्हीच शिकवलंत. कार्डना नोबेल मिळालं, मग मला का नाही चालत?”

मी म्हणाले, “तेव्हाची गोष्ट वेगळी होती.”

कार्ड आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांचा किमान वेतनावरचा अभ्यास मीच वर्गात शिकवला होता. असं उत्तर शिक्षकाने देऊ नये. कुर्ल्यापर्यंत मला तेच टोचत राहिलं. दोन राज्यांच्या तुलनेवर पुढे हीच टीका झाली, हे खरं. पण कार्ड-क्रूगर तिथेच थांबले नव्हते. 1992 मध्ये न्यू जर्सीतलं किमान वेतन तासाला 4.25 वरून 5.05 डॉलर झालं, तेव्हा त्यांनी 410 हॉटेलांकडून नोकऱ्यांची माहिती घेतली होती. त्यात न्यू जर्सीतलीच काही हॉटेलं आधीपासून 5 डॉलर किंवा जास्त देत होती. त्यांना नव्या दराचा फारसा फरक पडणार नव्हता, म्हणून त्यांच्याशीही तुलना केली. एकाच राज्याच्या आत. तिचा नियमही दहा किंवा जास्त कामगार असतील तिथेच लागू होता, आणि कामाच्या जागी किती माणसं आहेत हे पीएलएफएस विचारतं. म्हणजे महाराष्ट्रातच दहाच्या वरच्या आणि खालच्या जागांची तुलना करता येत होती. मी घाटकोपरला उतरून तिला फोन केला. “अगं, राज्याच्या आत बघ.” पलीकडून आधी गाडीचा आवाज, मग “हो मॅडम, कळलं.”

एका रात्रीत ते होणार नव्हतंच. सकाळी तिने बाहेरच्या परीक्षकांसमोर उभं राहून सांगितलं, “पान 41 वरचा तक्ता धरू नये. त्यातले तारे चुकीचे आहेत,” आणि का, ते चाळीच्या पाण्यासकट समजावलं. परीक्षक म्हणाले, “म्हणजे निष्कर्ष नाही?” ती म्हणाली, “या मांडणीतून नाही.”

त्याच दिवशी, तशाच मांडणीच्या पण तारे शाबूत असलेल्या दुसऱ्या प्रबंधाला तिच्याहून जास्त गुण मिळाले. मी बोलले, जानेवारीतल्या माझ्या सहीबद्दलही सांगितलं. निष्कर्षाला वेगळे गुण आहेत, गुण देण्याचा नमुना ठरलेला आहे, एवढंच उत्तर आलं. आदल्या दिवशी मी गप्प बसले असते तर तिची श्रेणी वर गेली असती. तिला हे मी सांगितलं. “मला कुणीतरी नंतर विचारलंच असतं, मॅडम,” ती म्हणाली, पण डोळे भरले होते.

परवा रात्री तिचा मेसेज आला. कामगारसंख्येच्या रकान्यात पुष्कळ बायकांपुढे 9 हा कोड आहे, म्हणजे ‘माहीत नाही’. त्यांना दहाच्या वर धरायचं, खाली धरायचं की वगळायचं? वगळल्या तर नेमक्या कोणत्या बायका गळतात ते आधी बघ, असं मी लिहिलं. तिची फाइल आता उघडली आहे.