मोरपंखी भिंत आणि आम्ही : आमची वाटचाल

पुण्यात आम्ही रंगकामाचा व्यवसाय सुरू केला तेव्हा दिवाणखान्याला क्रीम, पिस्ता किंवा फार तर फिका गुलाबी लावण्याची रीत होती. नारायण पेठेतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी मात्र एक अख्खी भिंत गडद मोरपंखी करण्याचे काम आमच्यावर सोपवले. शेजाऱ्यांनी नाके मुरडली. पण बाईंचे शिसवी कपाट आणि पितळी समया त्या भिंतीपुढे अशा उठून दिसू लागल्या, की पुढची कितीतरी कामे आम्हांला त्या भिंतीनेच मिळवून दिली.

हा रंग डीप बेसमध्ये, म्हणजे गडद छटांसाठीच्या मूळ रंगात, बनतो आणि त्यात टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे भिंत झाकणारे पांढरे रंगद्रव्य, जवळजवळ नसतो, त्यामुळे डब्यात कितीही गडद दिसला तरी दोन हातांत तो भिंत झाकत नाही. आमचे पहिले भागीदार स्वतः कसलेले मिस्त्री होते. पुट्टीवर 180 आणि नंतर 320 नंबरचा एमरी पेपर फिरवायचा, दिवा भिंतीलगत तिरपा धरून लाटा शोधायच्या, प्रायमरनंतर करड्या रंगाचा एक हात द्यायचा आणि मगच मोरपंखीला हात लावायचा, हा क्रम त्यांनी घालून दिला. नऊ इंची रोलर ते दुसऱ्या कोणाला धुवू देत नसत. कटिंग (कडा-कोपरे ब्रशने रंगवणे) आणि रोलर एकामागोमाग चालवून, कड ओली असतानाच ते भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पुरी करत, म्हणून आमच्या भिंतींवर पट्टे उमटले नाहीत.

पुढे कोथरूडच्या एका मोठ्या सोसायटीत, आमच्याच नमुन्याच्या भिंतीचे फोटो दाखवून, दुसऱ्या एका कंत्राटदाराने निम्म्या दरात कामे घेतली. त्याने मशीनवर रंग टिंट करून, म्हणजे मोजून छटा मिसळून, आणलाच नाही. पांढऱ्या रंगात स्टेनरच्या, म्हणजे छटा देणाऱ्या दाट रंगाच्या, बाटल्या जागेवरच ओतल्या, त्यामुळे प्रत्येक बादलीची छटा वेगळी आणि दुधाळ झाली. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतींवर खार फुटला, पोपडे आले, आणि दोष मात्र मोरपंखी रंगाला व तो लोकप्रिय करणाऱ्या आम्हांला मिळाला. ठरलेली कामे रद्द झाली. कारागिरांची मजुरी चुकती करण्यासाठी आम्हांला गुदाम सोडावे लागले, आणि त्या काळात भागीदारांनी स्वतःचा वाटा कधी मागितला नाही.

अखेर शिक्षिकाबाईंनी त्या सोसायटीतल्या सभासदांना घरी बोलावून आपली जुनी भिंत ओल्या फडक्याने पुसून दाखवली. त्यानंतर तीच घरे आमच्याकडे आली. आम्ही गळती आधी बंद करवून घेतली, प्लास्टरपर्यंत खरवडून भिंती पूर्ण वाळू दिल्या आणि मगच रंगवल्या. तो कंत्राटदार आजही सांगतो, की त्या सोसायटीत हा रंग त्यानेच आणला. याचे आम्हांला अजून वाईट वाटते.

ज्यांना हा रंग लावायचा आहे त्यांनी शेडकार्डाच्या चिमुकल्या चौकोनावर विसंबू नये. मोठ्या फळीवर नमुना लावून तो दिवसा, मग रात्री 3000 केल्व्हिनच्या पिवळ्या आणि 6500 केल्व्हिनच्या पांढऱ्या दिव्यात पाहावा. पिवळ्या उजेडात तो हिरव्याकडे झुकतो. नव्या प्लास्टरला किमान 28 दिवस द्यावेत. एका भिंतीचे सगळे डबे उघडून एकत्र ढवळून घ्यावेत, आणि शेडचा क्रमांक डब्याच्या झाकणावरून वहीत उतरवून ठेवावा.