गिअरबॉक्सचं तापमान: दोन सेन्सर, एक कूलर आणि लो रेंज

माझ्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत आता ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान दोन ठिकाणी दिसतं. एक पॅनमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्यात; तो सेन्सर मूळचाच आहे, मी फक्त ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून त्याचा आकडा समोर आणला. दुसरा सेन्सर गिअरबॉक्समधून कूलरकडे जाणाऱ्या नळीत टी-जॉइंट घालून बसवला. एका आकड्यावर भागत नाही, कारण दोन्ही आकडे क्वचितच सारखे असतात आणि खरी माहिती त्यांच्यातल्या फरकात असते.

बाहेर ४२ अंश, एसी चालू, मोकळा रस्ता, टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक-अप लागलेला, म्हणजे दोन्ही बाजू थेट जुळलेल्या: दोन्ही आकडे नव्वदीच्या आसपास स्थिर राहतात. गाडी मऊ वाळूत उतरली की पॅनचा आकडा सावकाश चढतो, नळीचा मात्र उसळी मारतो. पॅन १०२ दाखवत असताना नळीवर १३५ दिसलेत. कन्व्हर्टरमधून निघालेलं तेल आधी कूलरकडे जातं. पॅनमध्ये ते पोचतं तेव्हा थंड झालेलं असतं, शिवाय बाकीच्या तेलात मिसळतं. त्यामुळे फक्त पॅनचा आकडा बघून गाडी हाकणाऱ्याला बातमी नेहमी उशिरा कळते.

ही उष्णता येते कुठून? कन्व्हर्टरमध्ये इंजिनच्या बाजूचा पंप आणि गिअरबॉक्सच्या बाजूचं टर्बाइन यांच्यामध्ये फक्त तेल असतं. पंप जोरात फिरतोय आणि टर्बाइन मागे पडतंय, म्हणजे स्लिप होतेय. आणि स्लिपमध्ये वाया गेलेली सगळी ताकद तेल घुसळण्यात खर्च होऊन उष्णता बनते. हिशोब करून बघा. यंत्रणेत १० लिटर तेल आहे, म्हणजे साधारण साडेआठ किलो. ते १ अंशाने तापवायला सुमारे १७ किलोज्यूल लागतात. वाळूत अडकलेली गाडी अॅक्सिलरेटर दाबून रेटताना ५० किलोवॉट तेलात जात असतील, तर तेल सेकंदाला जवळजवळ ३ अंशांनी तापतं. दहा सेकंदांत तीस अंश! बाजारातला कुठलाही कूलर त्या वेगाने उष्णता बाहेर काढू शकत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की कूलर नंतर, आधी स्लिप कमी करा.

त्यासाठी सगळ्यात मोठं हत्यार गाडीत आधीपासूनच असतं, ते म्हणजे लो रेंज, चाकांचा वेग कमी करून बळ वाढवणारी जास्तीची गिअर-जोडी. ती फक्त खडकाळ चढासाठी किंवा गाडी रुतल्यावर वापरायची, असं बरेच जण धरून चालतात. पण ट्रान्सफर केसचं (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी, लो रेंज तिच्यातच असते) लो रेशो अडीचच्या आसपास असेल, तर चाकांना तेवढंच बळ देताना गिअरबॉक्सवर येणारा टॉर्क चाळीस टक्क्यांवर येतो. त्याच वेगाला टर्बाइन अडीचपट फिरतं आणि पंपाच्या मागे फारसं राहत नाही. मऊ वाळूचा एक लांब चढ मी मुद्दाम दोन्ही रेंजमध्ये, त्याच वेगाने चढलो. हाय रेंजमध्ये वर पोचेपर्यंत नळीवर १३० च्या पुढे. लो रेंजमध्ये, तिसरा गिअर धरून, ११० च्या आत. इंजिनचा आवाज वाढतो म्हणून घाबरायचं कारण नाही. आरपीएम वाढलेत, गिअरबॉक्सवरचा भार उतरलाय.

टायरमधली हवाही याच हिशोबात येते. १८ पीएसआयपर्यंत उतरवली की चाक वाळूत कमी रुततं, गाडी ओढायला ताकद कमी लागते आणि नळीवरचा आकडा लगेच खाली येतो. डांबरी रस्त्यावर वेग घ्यायच्या आधी हवा परत भरायची, हे वेगळं सांगायला नको.

आता कूलर. मूळ कूलर रेडिएटरच्या टाकीत असतो, म्हणजे इंजिनचं कूलंट जेवढं गरम, त्याच्या खाली तेल जाऊ शकत नाही. तो काढूनच टाका, असा सल्ला बऱ्याचदा मिळतो. मी ठेवला. रेडिएटर चांगल्या स्थितीत असेल तर गाडी रांगत असताना, हवा वाहत नसताना, कूलंट तेलातली उष्णता वाऱ्यापेक्षा चांगली ओढून घेतं. जुन्या रेडिएटरची गोष्ट वेगळी. आतली भिंत गंजून फुटली की कूलंट तेलात मिसळतं, तेलाचं गुलाबीसर दूध होतं, आणि कूलंटमधलं ग्लायकॉल गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटांचं अस्तर सोडवून टाकतं. त्या शंकेत असाल तर आधी रेडिएटर बदला.

नवीन कूलर स्टॅक्ड प्लेट प्रकारचा आहे आणि रेडिएटरमधल्या कूलरच्या पुढे सीरिजमध्ये जोडलाय: तेल आधी रेडिएटरमधून, मग यातून, मग परत गिअरबॉक्सला. मध्ये थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह आहे, त्यामुळे थंड तेल उगाच फिरत नाही. जाळीतून प्लास्टिकचे टाय ओवून कूलर लटकवायची पद्धत मला अजिबात मान्य नाही. कंपनांनी घासून घासून पत्रा झिजतो. चार कोपऱ्यांना ब्रॅकेट आणि खाली रबरी बुश घेतले, एसीच्या कंडेन्सरपासून बोटभर अंतर ठेवलं. होज गिअरबॉक्सच्या गरम तेलासाठीच बनवलेला हवा, पेट्रोलचा पाइप इथे चालत नाही. कूलरला स्वतःचा पंखा दिलाय, कारण वाळूत तेल सगळ्यात जास्त तापतं तेव्हाच वारा नसतो. आता वाळूत पॅन १०० च्या आत राहतं. नळीवरची उसळी अजून येते, पण उतरते लवकर.

रेडिएटर आणि कंडेन्सर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारून बघा. गवताचं बी, किडे आणि चिखल यांचा नमदा तिथे तयार होतो, समोरून तो दिसतही नाही. पाण्याचा बारीक फवारा इंजिनकडून बाहेरच्या दिशेला मारायचा; जोराचा प्रेशर जेट मारला तर फिन्स वाकतात.

तेलाबद्दल: ढोबळ नियम असा की दर १० अंश वाढीला ऑक्सिडेशन दुप्पट होतं, म्हणून १२० च्या वर वारंवार गेलेलं तेल मी मॅन्युअलमधल्या मुदतीची वाट न पाहता बदलतो. पांढऱ्या कागदावर थेंब टाकून वास घ्यावा. जळका वास आणि तपकिरी काळपट डाग असेल तर निर्णय झाला. सीलबंद गिअरबॉक्समध्ये पातळी कंपनीने सांगितलेल्या तापमानालाच तपासायची. तेल तापलं की फुगतं, त्यामुळे चुकीच्या तापमानाला मोजलं तर भरणा कमी-जास्त होतो, आणि जास्त भरलेल्या तेलात फेस होतो.

मोठा चढ संपला की लगेच इंजिन बंद करत नाही. हँडब्रेक लावून न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवतो आणि नळीचा आकडा पॅनच्या जवळ आला की किल्ली फिरवतो. पार्कमध्ये नाही, न्यूट्रलमध्ये. काही जुन्या गिअरबॉक्समध्ये पार्कला कूलरकडचा प्रवाह बंद असतो.

मॅन्युअलवाल्यांना कन्व्हर्टरची चिंता नाही, त्यांची उष्णता क्लचमध्ये. जड ट्रेलर ओढताना ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) सोडून खालचा गिअर धरला की गिअरबॉक्सही थंड राहतो.

पुढचं काम ट्रान्सफर केसचं. त्यात तेल जेमतेम लिटर-दोन लिटर असतं आणि माझ्या गाडीत सायलेन्सरचा पाइप अगदी शेजारून जातो. इन्फ्रारेड गनने मोजायला गेलात तर चकाकत्या अॅल्युमिनियमवर आकडा खोटा आणि कमी येतो, म्हणून केसिंगवर उष्णता सहन करणारी काळी मॅट टेप चिकटवून तिथे मोजतोय. पाइप आणि केसिंगच्या मध्ये उष्णतारोधक पत्रा बसवायचा आहे. बॅश प्लेटला (गाडीच्या पोटाखालचा संरक्षक पत्रा) हवेसाठी खाचाही पाडायच्या आहेत. आधी पत्रा, मग मोजणी, मग खाचा. दोन्ही एकदम केलं तर कशाने किती फरक पडला ते कळणार नाही.