मार्क कमी आहेत, तरी केबिन क्रूला अर्ज करू का? तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, बारावीला टक्के कमी पडले, जाहिरातीत जास्त मागितलेत, टाकू का अर्ज?" "गणित राहिलंय पण बाकी सगळं बसतंय, चालेल का?" "इंग्रजीची ग्रेड खरंच बघतात का हो?" मी बरीच वर्षं केबिन क्रूमध्ये आहे, मधे काही वर्षं भरतीच्या दिवशी टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बसलेय, त्यामुळे हा प्रश्न मला कुठेही गाठतो, अगदी लँडिंगच्या आधी जम्पसीटवर, म्हणजे क्रूच्या घडीच्या सीटवर, पट्टा लावून बसलेय आणि समोरच्या सीटवरची मुलगी हळूच विचारतेय, असंही झालंय. घाईत असाल तर उत्तर एवढंच आहे: मार्क कमी असतील तर करा, पास झाल्याचा कागदच नसेल तर आधी तो मिळवा, आणि काहीही असलं तरी फॉर्मवर खोटं लिहू नका. ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढे वाचा.

पहिली गोष्ट, ती अट घातलीय कोणी ते बघा. हे कोणीच बघत नाही. सगळ्यांना वाटतं की विमानात काम करायचं म्हणजे सरकारचाच नियम असणार की एवढे टक्के पाहिजेत. युरोपचं उदाहरण घ्या, तिथे केबिन क्रूला एक अधिकृत प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठी नियमात काय आहे तर वय 18 पूर्ण, सुरुवातीचं ट्रेनिंग आणि त्याची परीक्षा पास, आणि मेडिकल फिट. शाळेच्या मार्कांचा विषयच नाही. अमेरिकेतही एफएए, म्हणजे तिथलं सरकारी विमान वाहतूक खातं, जे सर्टिफिकेट देते ते एअरलाईनचं ट्रेनिंग पूर्ण केल्यावर देते, हायस्कूल डिप्लोमा मागतात त्या एअरलाईन्स. म्हणजे टक्के, ग्रेड, अमुक विषयात तमुक, ही बहुतेक वेळा कंपनीची स्वतःची अट असते, आणि कंपनीची अट कंपनीगणिक बदलते. एमिरेट्स बारावीपर्यंतचं शिक्षण मागते, वय 21, उंची 160 सेंटीमीटर आणि टाचा उचलून हात 212 सेंटीमीटरपर्यंत पोचला पाहिजे म्हणते, पण टक्क्यांची रेघ ओढत नाही. ब्रिटनमधल्या काही कंपन्या जीसीएसईला, म्हणजे तिथल्या शालेय परीक्षेला, इंग्रजी आणि गणितात 4 ही ग्रेड मागतात, जुन्या पद्धतीतला सी, आणि त्याच आकाशात उडणाऱ्या रायनएअरसारख्या कंपनीच्या जाहिरातीत भर असतो तो वय, इंग्रजी बोलणं आणि पोहता येणं यावर. मग एका जाहिरातीतली एक ओळ वाचून "माझं संपलं" म्हणून बसणाऱ्या मुलांना काय म्हणायचं सांगा. दहा कंपन्यांच्या अटी शेजारी शेजारी ठेवून वाचा आधी.

बरं अट वाचताना पण नीट वाचा. "आवश्यक" लिहिलंय का "असल्यास प्राधान्य" लिहिलंय, "समकक्ष" हा शब्द आहे का, "पास" म्हटलंय का टक्के दिलेत. पास आणि टक्के यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पन्नास टक्के मागितलेत आणि तुमचे अठ्ठेचाळीस आहेत, तर तुमच्याकडे शिक्षण आहे फक्त आकडा हुकलाय, आणि तुम्ही दुसऱ्या कंपनीकडे जाऊ शकता जिथे तो आकडा कोणी विचारत नाही. पण एखाद्या विषयात नापास होऊन सर्टिफिकेटच हातात आलेलं नसेल तर ते प्रकरण वेगळं, त्याला गोड बोलून काही होत नाही.

ही अट असते कशाला असं मला कोणी विचारलं तर माझं प्रामाणिक मत असं की ती एक चाळणी आहे, आणि थोडी आळशी चाळणी आहे. जागा मोजक्या, अर्ज ढिगाने, मग कुठेतरी रेघ ओढायची म्हणून ओढलेली. आणि ही रेघ गरजेप्रमाणे सरकते, आजची गोष्ट नाही ही. 1930 मध्ये एलन चर्च नावाची बाई जगातली पहिली स्टुअर्डेस, म्हणजे एअर होस्टेस झाली, बोइंग एअर ट्रान्सपोर्टमध्ये, ती नर्स होती, आणि मग तिच्यामागून येणाऱ्या बऱ्याच जणींना नर्सिंगचं शिक्षण कंपल्सरी झालं, वर वजन उंची वय सगळ्याला मापं. पुढे दुसरं महायुद्ध आलं, नर्सेस सैन्यात गेल्या, विमानांना माणसं मिळेनात, आणि ती नर्सिंगची अट गेली. विमानं उडतच राहिली. तेव्हा जाहिरातीतली अट म्हणजे तुमच्या लायकीवर दिलेला निकाल असं समजू नका, त्या वर्षी त्या कंपनीला कितीजण हवेत आणि किती जण दारात उभे आहेत यावर ते बरंच ठरतं. भरती जोरात असते तेव्हा अटी सैल होतात, मंदीत आवळल्या जातात.

पण, आणि हा पण मोठा आहे, चाळणी आळशी असली तरी ती आता कॉम्प्युटर चालवतो. ऑनलाईन फॉर्ममध्ये सुरुवातीलाच दोन-चार हो-नाहीचे प्रश्न असतात, वय पूर्ण आहे का, अमुक शिक्षण आहे का, पोहता येतं का. तिथे आवश्यक गोष्टीला "नाही" म्हटलंत की बऱ्याचदा तिथल्या तिथे नकाराची मेल येते, कोणी माणूस तुमचा फॉर्म बघतच नाही. लोक मला म्हणतात ताई मी इतकं सुंदर कव्हर लेटर लिहिलं होतं. अगं लिहिलं असशील, वाचलं कोणी?

मग साहजिक पुढचा प्रश्न येतो, आवाज खाली आणून, की "हो" वर टिक केलं तर? नका करू. मी काही संतपणाने सांगत नाहीये, व्यवहार म्हणून सांगतेय. विमानतळाच्या आतल्या भागात वावरायला पास लागतो आणि त्या पासाआधी तुमची पार्श्वभूमी तपासतात. युरोपातल्या नियमात निदान मागच्या 5 वर्षांची नोकरी, शिक्षण आणि मधले रिकामे काळ हे सगळं तपासायचं म्हणून स्पष्ट लिहिलंय, बाकी ठिकाणीही थोड्याफार फरकाने तेच, आणि मूळ कागद तर सगळीकडे मागतात. म्हणजे तुम्ही इंटरव्ह्यू पास होणार, घरच्यांना सांगणार, जुनी नोकरी सोडणार, आणि मग कागदाच्या टप्प्यावर अडकणार, आणि तेव्हा प्रश्न मार्कांचा राहत नाही, सिक्युरिटीच्या कामात खोटं बोलणारा माणूस असा होतो. त्या कंपनीत परत पाय ठेवता येत नाही ते वेगळंच. कमी मार्कांना माफी आहे, याला नाही.

ज्यांचं खरंच काहीतरी राहिलंय त्यांच्यासाठी रस्ता असतो, जवळजवळ प्रत्येक देशात असतो. ब्रिटनमध्ये जीसीएसई पुन्हा देता येते किंवा फंक्शनल स्किल्स नावाच्या इंग्रजी-गणिताच्या व्यवहारी परीक्षेची लेव्हल 2 करता येते आणि बऱ्याच ठिकाणी ती बरोबरीची धरतात. भारतात एनआयओएस आहे, मुक्त विद्यालय, दहावी-बारावी दोन्ही तिथून होतं. अमेरिकेत जीईडी आहे, हायस्कूलच्या बरोबरीची परीक्षा, आणि त्याची गंमत अशी की ती परीक्षा 1942 मध्ये सुरू झाली ती युद्धावर गेल्यामुळे ज्यांची शाळा सुटली त्या सैनिकांसाठी, म्हणजे ज्या युद्धामुळे नर्सिंगची अट गेली त्याच युद्धातून ही सोय आली. जाहिरातीत "किंवा समकक्ष" असतं ते याचसाठी. दुसऱ्या देशात शिकलेला असाल तर समकक्षतेचं पत्र आधीच काढून ठेवा, ऑफर आल्यावर धावपळ करू नका, त्या ऑफिसांना तुमच्या जॉइनिंगच्या तारखेचं काही पडलेलं नसतं. आणि राहिलेला विषय द्यायला जे महिने जातील ते वाया जातात असं समजू नका, त्याच महिन्यांत कुठेतरी लोकांसमोर उभं राहायचं काम करा. हॉटेलचा फ्रंट डेस्क, दुकान, हॉस्पिटलचं रिसेप्शन, म्हाताऱ्या माणसांची काळजी, स्विमिंग पूलवर लाइफगार्ड, विमानतळावर चेक-इन काउंटर मिळालं तर सोन्याहून पिवळं. एक वर्ष चिडलेल्या लोकांशी नीट बोललेला माणूस आम्हाला दोन मिनिटांत ओळखू येतो. प्रथमोपचाराचा कोर्स करा, एखादी जादा भाषा असेल तर ती वर लिहा.

चाळणीतून एकदा आत आलात की असेसमेंटच्या, म्हणजे निवड चाचणीच्या दिवशी मार्क कोणाच्या लक्षातही नसतात, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून सांगतेय. रीच, म्हणजे हात किती वर पोचतो ते मोजतात, ग्रूमिंग बघतात, इंग्रजीची छोटी परीक्षा असते, आणि मग ग्रुप ॲक्टिव्हिटी, तिथे खरा खेळ. सगळ्यात जास्त बोलणारा निवडला जातो ही समजूत कुठून आली देव जाणे. मी बघायचे ते असं की जो गप्प बसलाय त्याला कोण विचारतंय की तुला काय वाटतं, आणि स्वतःचं म्हणणं पडलं की कोणाचं तोंड पडतंय. 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाईन्सचं विमान उतरताना दुसऱ्या विमानाला धडकून पेटलं, आत 367 प्रवासी आणि 12 क्रू, अनाउन्समेंटची सिस्टीम बंद पडलेली, क्रूने मेगाफोन आणि स्वतःचा आवाज वापरला, आठपैकी तीनच दारं वापरता आली आणि तरी 379 च्या 379 जिवंत बाहेर आले. त्या दिवशी कुठलं दार उघडायचं नाही हे ठरवणं जेवढं महत्त्वाचं होतं ना, तेवढं शाळेतलं कुठलंच गणित नसतं. आम्ही इंटरव्ह्यूत तो माणूस शोधत असतो.

इंटरव्ह्यूत मार्कांबद्दल विचारलंच तर छोटं बोला. "त्या वर्षी अभ्यास कमी पडला, नंतर मी तो विषय परत दिला, आणि दीड वर्ष रिसेप्शनला काम केलं, तिथे मी असं असं केलं." बास. शिक्षक वाईट होते, पेपर अवघड होता, घरात असं चाललं होतं, हे पाच मिनिटं ऐकवू नका. खरं असलं तरी नका ऐकवू, समोरच्याला त्याचं काही करता येत नाही.

आता जरा कडू. ज्यांना वाटतं की अभ्यासातून सुटका म्हणून ही नोकरी, त्यांनी थांबा. ट्रेनिंग साधारण चार ते आठ आठवड्यांचं असतं आणि त्यात जवळपास रोज काहीतरी परीक्षा. दारं, स्लाइड, आग, धूर, सीपीआर, पाण्यावर उतरलं तर राफ्ट, धोकादायक सामान, कमांड्स शब्दन् शब्द पाठ. पासिंग मार्क शाळेसारखे पस्तीस नसतात, बरेच वर असतात, आणि ठरावीक वेळा नापास झालात की घरी. का एवढं कडक ते सांगते, 44 पेक्षा जास्त सीटचं विमान सर्टिफाय करताना दाखवावं लागतं की निम्मीच दारं वापरून, अंधारात, 90 सेकंदांत सगळे बाहेर येतात. एअरबस ए380 ची ही चाचणी 2006 मध्ये हॅम्बुर्गला झाली, 873 माणसं 78 सेकंदांत बाहेर. तो वेग विमान एकटं देत नाही, दारात उभा असलेला माणूस देतो, आणि त्याला आठवायला वेळ नसतो. आणि हे एकदा देऊन सुटत नाही, दर वर्षी रिकरंट, म्हणजे उजळणीचं ट्रेनिंग येतं, परत दारं, परत पेपर. मी अजून आदल्या रात्री मॅन्युअल घेऊन बसते. गणितही लागतंच, डोकी मोजायची, पैसे बदलायचे, झुलू टाइममधून, म्हणजे विमानवाले जगभर वापरतात त्या एकाच वेळेतून, इथली वेळ काढायची, कठीण काही नाही पण पहाटे तीनला करायचं असतं. तेव्हा राहिलेलं गणित सोडवून घेतलंत तर तो अभ्यास पुढे कामाला येतो, नुसत्या कागदासाठी केलेला नसतो.

आणि एक, "मार्क नसले तरी चालतं, आमची ओळख आहे, एवढे भरा" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. अर्ज करायला पैसे मागणारी एअरलाईन मी तरी पाहिलेली नाही. क्लास लावायचा तर ग्रूमिंग आणि बोलणं सुधारायला खुशाल लावा, पण तिथलं सर्टिफिकेट बारावीच्या जागी चालत नाही आणि नोकरीची हमी कोणी देऊ शकत नाही, आतली माणसंसुद्धा नाही, मीसुद्धा नाही, म्हणून कृपा करून मला "शब्द टाका" म्हणू नका.

नकार आला तर बऱ्याच कंपन्या परत अर्ज करायला काही महिने थांबायला लावतात, बहुतेक ठिकाणी सहा, मेलच्या तळाशी लिहिलेलं असतं ते वाचा. त्या आधी दुसऱ्या ईमेलने नवं खातं काढून अर्ज करायची हुशारी करू नका, नाव आणि पासपोर्ट तोच असतो. आणि नवा निकाल हातात आला की तो आधी प्रोफाइलमध्ये भरा, सेव्ह झालाय ना ते बघा, मग अर्ज टाका. कित्येक जण पटकन अर्ज टाकतात आणि निकाल नंतर भरू म्हणतात, मग सिस्टीम जुनंच उत्तर वाचून परत नाही म्हणते आणि पुढचे सहा महिने गेले.