मुरुमांसाठी चिठ्ठीशिवायचं औषध निवडताना: माझा अनुभव

औषधाच्या आधी त्वचा ओळखली. सौम्य फेसवॉशने तोंड धुतलं, काहीही न लावता तासभर थांबले, मग कपाळ, नाक आणि गालांवर टिश्यू पेपर दाबून पाहिला. सगळीकडे तेल उमटलं तर त्वचा तेलकट, फक्त कपाळ-नाक-हनुवटीवर उमटलं तर मिश्र. कागद कोरडा राहिला आणि चेहरा ओढल्यासारखा वाटला तर कोरडी. माझी मिश्र निघाली.

मग मुरुमांचा प्रकार. ब्लॅकहेड्स आणि बारीक बंद दाणे असतील तर सॅलिसिलिक अ‍ॅसिड, ०.५ ते २ टक्के. ते तेलात विरघळतं, म्हणून छिद्रात उतरून साचलेलं सैल करतं. लाल, दुखरे, पू धरलेले मुरूम असतील तर बेन्झॉइल पेरॉक्साइड. ते जिवाणू मारतं आणि अँटिबायोटिकला सरावतात तसे जिवाणू त्याला सरावत नाहीत. माझ्या चेहऱ्यावर दोन्ही प्रकार होते, तरी दोन्ही औषधं एकदम सुरू केली नाहीत. आग झाली तर ती कशाने, हे कळायलाच हवं.

टक्केवारीत बहुतेकांची गल्लत होते. बेन्झॉइल पेरॉक्साइड १० टक्क्यांचं घेतलं की मुरूम लवकर जातील असं वाटतं, पण लाल मुरुमांवर २.५ टक्केही जवळपास तेवढंच काम करतं आणि सालं कमी निघतात. मी २.५ टक्केच घेतलं. तेलकट त्वचेला जेल सोसतं. कोरड्या त्वचेला क्रीमच्या स्वरूपातलं बरं, किंवा ५ मिनिटं ठेवून धुऊन टाकायचं.

आधी जबड्याखाली छोट्या जागेवर तीन दिवस लावून पाहिलं. मग तोंड धुऊन, पूर्ण कोरडं करून, वाटाण्याएवढं जेल कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटीवर ठिपके देऊन पातळ पसरलं. फक्त मुरुमावर नाही, मुरूम येणाऱ्या सगळ्या भागावर, कारण नवा मुरूम दिसण्याआधीच आत तयार होत असतो. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांच्या खाचा आणि ओठ सोडले. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, वरून नॉन-कॉमेडोजेनिक, म्हणजे छिद्रं न बुजवणारा, मॉइश्चरायझर. तेलकट त्वचेलाही तो लागतोच. उशीचा अभ्रा आणि टॉवेल पांढरे ठेवले. या औषधाने रंगीत कापडाचा रंग उडतो.

मुरुमांवर लावायचं तिसरं औषध, अडापलीन ०.१ टक्के, काही देशांत चिठ्ठीशिवाय मिळतं, काही ठिकाणी नाही. ते रात्री लावायचं, दिवसा एसपीएफ ३० सनस्क्रीन हवं. पहिल्या काही आठवड्यांत मुरूम वाढल्यासारखे दिसतात, आणि नेमके तेव्हाच लोक ते सोडून देतात. गरोदरपणात मात्र अडापलीन टाळायचं.

चेहऱ्यावर चुकूनही लावू नये ते बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन ही स्टेरॉइड असलेलं क्रीम. दोन दिवसांत लाली उतरते, म्हणून गुण आला असं वाटतं. पुढे कातडी पातळ होते आणि स्टेरॉइडचेच मुरूम उठतात. ट्यूबवरची घटकांची यादी मी त्यासाठीच वाचते.

कोणत्याही औषधाला ८ ते १२ आठवडे द्यावे लागतात. तेवढ्यात फरक नसेल, खोल गाठी असतील किंवा खड्डे पडू लागले असतील तर त्वचारोगतज्ज्ञ. खड्डे पडत असतील तर १२ आठवडेही थांबू नका. लावल्यावर डोळे-ओठ सुजले किंवा श्वास अडला तर औषध लगेच धुऊन टाकून थेट इमर्जन्सीत जा.