‘आता अंगात येत नाही का?’

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. लिफ्टमध्ये विचारता, लग्नाच्या पंगतीत विचारता, नवरात्र जवळ आलं की गावाहून फोन करून विचारता. जुन्या चाळीतल्या बाया म्हणतात, "मावशी, आता येत नाही का हो तुमच्या अंगात?" आणि त्यांच्या शिकलेल्या मुली-सुना आवाज खाली आणून म्हणतात, "पण तेव्हा तरी खरं होतं का?" मी आजवर ‘वय झालं गं’ म्हणून विषय टाळत आले. गुडघे गेले, साखर आहे, ते सगळं आहेच. पण तेवढंच सांगणं म्हणजे खोटं बोलणं आहे, आणि सत्तरी उलटल्यावर मला ते जड व्हायला लागलंय.

वरळीच्या बीडीडी चाळीत आमची खोली होती, 160 फुटांची. त्यात आम्ही घरचे पाच आणि माझ्या खानावळीचे चौदा गिरणी कामगार जेवून जायचे. 18 जानेवारी 1982 ला संप लागला. आधी वाटलं महिन्याभरात मिटेल. होळीला दहा माणसं उरली, गणपतीला पाच. बाकीचे ट्रंक उचलून गावाला गेले, काही जण उधारी ठेवून गेले, त्यांना तरी काय बोलणार? आमचे हेही घरीच. दिवसभर दाराशी बसून राहायचे. त्या वर्षी अष्टमीला चाळीच्या आवारात आरती चालू होती. ढोल वाजत होता, मी ताट घेऊन उभी होते. उजव्या पायाच्या अंगठ्याला मुंग्या आल्या. त्या वर चढल्या, पोटरीत, मांडीत, कमरेत. दात एकमेकांवर आपटायला लागले. ताट खाली पडल्याचा आवाज मी ऐकला, आणि त्यापुढचं मला सांगता येत नाही. शुद्धीवर आले तेव्हा माझे केस मोकळे होते, कपाळभर मळवट होता, आणि वन्सं मला मांडीवर घेऊन पाणी पाजत होत्या. "काळूबाई आली गं तुझ्यात," म्हणाल्या. मी सत्तावीस वर्षांची होते.

आता मला समजावून सांगणारे पुष्कळ आहेत. म्हणतात, संपाचा ताण होता, घरात तोंड उघडायची सोय नव्हती, म्हणून ते असं बाहेर पडलं. असेल. मी नाही म्हणत नाही. पण मग त्या वर्षी अख्ख्या गिरणगावात उपाशी बसलेल्या हजारो बायांपैकी माझ्याच अंगठ्याला मुंग्या का आल्या, याचं उत्तर कुणी देत नाही. माझ्या भाचीची मुलगी मानसशास्त्र शिकते. तिनं मला एक शब्द सांगितला, शमन. तो सैबेरियातल्या एवेंकी लोकांकडून आलाय, आपल्या दोषांचं शमन वगैरे म्हणतो त्याच्याशी संबंध नाही. त्यांच्यातला शमन म्हणे ढोलाच्या तालावर आपला आत्मा बाहेर पाठवतो आणि आजाऱ्यासाठी उत्तर घेऊन येतो. कोरियात बहुतेक बायाच हे करतात. आधी मोठं आजारपण येतं, औषधानं हटत नाही, देवाचं काम पत्करलं की उतरतं. मी तिला म्हटलं, आजारपणाचं पटतं, माझंही पहिलं वर्ष तापातच गेलं. पण मी कुठे गेले नाही. माझ्याकडे कुणीतरी आलं. तिनं हेही सांगितलं की डॉक्टरांच्या पुस्तकात, धार्मिक रिवाजाच्या चौकटीत आणि मर्जीनं जे होतं त्याला रोग म्हणत नाहीत. हे ऐकून मला किती बरं वाटलं ते तिला कळलं नसेल. चाळीस वर्षं कुणीतरी ‘वेडी आहे’ म्हणेल याची भीती पोटात होती.

वीस-बावीस वर्षं दर मंगळवारी आणि पौर्णिमेला बाया यायच्या. नारळ, लिंबू, हळदीकुंकू एवढंच. पैसा मी घेतला नाही, हे चाळीतलं कुणीही सांगेल. दारुड्या नवऱ्यांना देवीनं माझ्या तोंडून असं झापलंय की ते महिना महिना गुत्त्याकडे फिरकले नाहीत. माझ्या स्वतःच्या सासूला, जिच्यापुढे माझी मान वर होत नव्हती, तिला देवीनं ‘सुनेला पोटभर जेवू घाल’ म्हणून सांगितलं. हे चांगलं झालं. हे मी नाकारणार नाही, कुणी कितीही अंधश्रद्धा म्हटलं तरी.

पण मग वन्संचं सांगावं लागतं.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न होऊन मी मुंबईत आले तेव्हा अठरा वर्षांची होते, नळावर भांडायचं कसं हेसुद्धा त्यांनी शिकवलं. डिलाईल रोडला राहायच्या. 2003 च्या नवरात्रात, सातव्या माळेला, त्या आल्या. खोलीत दहा-बारा बाया होत्या, मोरीच्या कट्ट्याशेजारी घट होता, धुपानं डोळे चुरचुरत होते. माझ्यात वारं आलं. वन्संनी पुढे सरकून माझा हात धरला, स्वतःच्या पदराखाली नेला आणि म्हणाल्या, "आई, इथं गाठ आहे. काय करू?" हे मला नंतर सांगितलेलं आहे. मला त्यातलं काही आठवत नाही. माझ्या तोंडून जे आलं तेही मला सांगितलेलंच आहे: "माझ्यावर सोड. पाच मंगळवार अंगारा लाव. पुनवेला डोंगरावर ये."

त्यांनी पाच मंगळवार अंगारा लावला. मग अकरा. पौष पौर्णिमेला वाईजवळच्या मांढरदेवला, काळूबाईच्या डोंगरावर, माझ्याबरोबर आल्या, पायऱ्या चढताना तीनदा बसल्या. मी म्हटलं, वय झालं वन्सं. मला गाठीचं माहीत होतं का? इथे मी अडकते. शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी शेजारणीनं मला सांगितलं होतं की ताईंनी गाठीचं विचारलं आणि देवीनं अभय दिलं. म्हणजे माहीत होतं. पण ते देवीचं आणि वन्संचं झालं होतं, मी मध्ये कोण बोलणार, असं मला तेव्हा खरोखर वाटत होतं. आज मागे जाऊन त्या बाईला गदागदा हलवावंसं वाटतं. ती मला उत्तर देईल हेही मला ठाऊक आहे. म्हणेल, "मी डॉक्टरकडे जाऊ नका असं कधी म्हटलं?" नाही म्हटलं. पण जा असंही नाही म्हटलं.

होळीला पुरणपोळ्या करायला वन्सं आमच्याकडे आल्या होत्या. मी लाटत होते, त्या तव्यावर टाकत होत्या. पोळी उचलायला डावा हात वर केला आणि तो निम्म्यातच थांबला. पोळी दुमडून तव्याच्या काठावर पडली, पुरण जळायला लागलं. त्या वासात मला दुसराच एक वास आला. त्यांच्या ब्लाउजवर डाव्या बाजूला रुपयाएवढा ओला डाग होता. मी गॅस बंद केला. त्या म्हणाल्या, "काही नाही गं, अंगारा ओला करून लावते ना, त्याचं आहे." मी त्यांचा पदर बाजूला केला. जे पाहिलं ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी धुळवड. तिसऱ्या दिवशी परळला टाटामध्ये नेलं. तपासण्या झाल्या, रोग पसरला होता. तिथली डॉक्टर मुलगी अगदी तरुण होती, रागावली नाही, नुसतं विचारलं, "आजी, एवढे महिने का थांबलात?" मी शेजारीच उभी होते, त्यांची पिशवी हातात घेऊन. वन्संनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "गावाला गेले होते, डॉक्टर. शेतीची कामं होती."

गावाला त्यांची शेती नव्हती.

श्रावणात त्या गेल्या. ह्यांनी मला एकदाच विचारलं, "ताईला तू सांगितलं होतंस?" मी म्हटलं, "मी नाही, आईनं सांगितलं." ते उठून गॅलरीत गेले. 2011 साली ते वारले, तोवर त्यांनी परत तो विषय काढला नाही. त्यांनी भांडण केलं असतं तर मी काहीतरी बोलले असते.

वन्सं गेल्या त्या वर्षीच्या नवरात्रात आरतीला उभी राहिले. अंगठ्याला मुंग्या आल्या, गुडघ्यापर्यंत चढल्या. आणि तिथेच थांबल्या. मी धरून ठेवलं, की देवीच थांबली, हे मला आजही कळलेलं नाही. त्याच वर्षी माझी पाळी गेली. एक म्हातारी म्हणाली, पाळी गेली की वारं जातं. दुसरी म्हणाली, उलट आता अंग स्वच्छ झालं, आता जास्त येईल. दोघींनी छातीठोक सांगितलं. मला वाटतं वारं जायला वन्संचं डॉक्टरांपुढचं ते वाक्य पुरेसं होतं. पण मग वाटतं, देवी एका बाईच्या अपराधी वाटण्यानं अडते का? तशी अडत असेल तर ती माझ्याच मनाची होती, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मलाही रात्री तसंच वाटतं, सकाळी पूजेला बसले की वाटत नाही.

पुढच्या पौष पौर्णिमेला, 25 जानेवारी 2005 ला, मी डोंगरावर गेले नाही. त्या दिवशी मांढरदेवला चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आग लागली, जवळपास तीनशे माणसं गेली. चाळीतल्या बाया माझ्या पाया पडायला आल्या. म्हणाल्या, आईनं तुम्हाला वाचवलं. मी त्यांना दारातून परत पाठवलं. ती तीनशे माणसंही तिच्याच नावानं चांगभलं म्हणत चढली होती. मला वाचवणारी ती कोण आणि त्यांना सोडणारी कोण? हा प्रश्न मी देवीच्या टाकापुढे बसून विचारलाय, मोठ्यानं. उत्तर आलं नाही.

2013 साली अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या दाभोलकरांचा खून झाला, त्या दिवशी मी रडले. घरातल्यांना नवल वाटलं. तो माणूस दहा वर्षं आधी माझ्या दारात आला असता तर मी त्याला हाकलला असता, तेही देवीच्या तोंडानं. मग जादूटोण्याविरुद्धचा कायदा झाला, त्यातली कलमं पेपरात आली. अंगात शक्ती संचारल्याचं भासवून लोकांना भीती घालणं, हा गुन्हा. मी ते कात्रण दोनदा वाचलं. मी भासवलं नाही, भीतीही घातली नाही. मी धीर दिला. कायद्यात मी बसत नाही, हे वाचून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं, ‘खरं होतं का’ याचं, माझं उत्तर असं आहे: मुंग्या खऱ्या होत्या, जे अंगावरून गेलं ते खरं होतं, तसं पुन्हा काहीच मला कधी भेटलं नाही, आणि आज कुणी ते माझ्याकडून काढून घेतो म्हणालं तर मी देणार नाही. पण तोंड माझं होतं. पूर्वी मी म्हणायचे, मी कुठे बोलले, ती बोलली. आता तसं म्हणवत नाही. मग देवीचं श्रेयही माझंच का, सासूला सांगितलं तेही मीच का? विचारलंत तर तिथे मी गप्प बसते.

चाळ पडली, मधली वर्षं संक्रमण शिबिरात गेली, 2025 च्या ऑगस्टमध्ये नव्या घराच्या चाव्या मिळाल्या. 500 फूट. परडी आणि कवड्यांची माळ मी स्वतः मांडीवर घेऊन टेम्पोत बसले होते. सुनेनं विचारलं, हे कुठे ठेवायचं, आणि मी अर्धा दिवस घरभर फिरत राहिले. मोरीचा कट्टाच नाही ना. शेवटी स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्याशेजारी ठेवलं.

बाया अजून येतात. मी नुसती ऐकते. कुठे दुखतंय म्हणाली की पहिलं विचारते, दाखवलंस का? नाही म्हणाली तर मीच बरोबर जाते. गेल्या मंगळवारी अशीच एकीबरोबर ओपीडीच्या बाकावर बसले होते. हातात केसपेपर, समोर पस्तीस-चाळीस माणसं. बाहेर रस्त्यावरून कुणाची तरी पालखी चालली होती, ढोलाचा आवाज खिडकीतून आत आला. माझ्या उजव्या अंगठ्याला मुंग्या आल्या. साखरेनंही येतात, डॉक्टरांनी सांगितलंय. मी चप्पल काढली आणि पाय गार लादीवर टेकवला. वर चढतात का ते बघत होते.

"मावशी, उठा," ती म्हणाली. "आपला नंबर आला."