आमची वाटचाल : बिनसाखरेचा खरवस

आमच्या चीजच्या धंद्याचे पहिले सल्लागार म्हणजे एक अनोळखी आजोबा. पार्ल्यातल्या एका शाळेच्या मैदानात रविवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. तिथे टेबल लावायला लागून आम्हाला जेमतेम तिसरा आठवडा होता. आजोबांनी दातकोरणीला टोचलेला तुकडा तोंडात टाकला, या गालातून त्या गालात फिरवला आणि म्हणाले, "बाई, मोझरेला की काय ते असेल, पण हा बिनसाखरेचा खरवस झालाय." माझा पारा चढला. शेजारी उभ्या असलेल्या आमच्या जाऊबाई मात्र खोकला आल्याचं निमित्त करून टेबलाखाली वाकल्या.

घरी येऊन उरलेला तुकडा डोळे मिटून खाल्ला. आजोबांचं बरोबर होतं. आम्ही विकत होतो इटलीचं नाव आणि लोकांच्या तोंडात जात होतं जोगेश्वरीच्या म्हशीचं दूध. पुढच्या रविवारी पाटीवर जाऊबाईंनीच खडूने लिहिलं, "खरवस चीज, साखर नाही". साडेदहापर्यंत टेबल रिकामं.

दूध आमच्या घरात आधीपासूनच. माझ्या बाबांचं आरेचं दूध विकायचं केंद्र होतं. शहरातले तबेले बाहेर न्यायचे म्हणून १९४९ साली गोरेगावला आरे कॉलनी उभी राहिली, आणि ती उभारणाऱ्या दारा खुरोडींचं नाव बाबा अजूनही देवाचं घ्यावं तसं घेतात. (खुरोडींना १९६३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो अमूलच्या वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत. आमच्या घरी मात्र पुरस्कार एकट्या खुरोडींचा.) पहाटे साडेचारला काचेच्या बाटल्यांचा खणखणाट, कार्ड हातात धरून उभी असलेली रांग आणि फ्रॉकमध्ये जांभया देत सुटे पैसे मोजणारी मी. दुधाचा वास मला कधी आवडला नाही. दुधाचं जे जे होतं ते सगळं मात्र आवडायचं.

खाण्याचा नाद बाबांचाच. महिन्याचा हिशोब झाला की ते मला घेऊन निघायचे. दादरला प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष, प्रिन्सेस स्ट्रीटला १९१६ पासूनच्या पारसी डेअरी फार्ममध्ये कुल्फी, आणि वर्षातून एकदा बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानियात जेवण. बाबा मटण खात नाहीत, ते नुसता बेरी पुलावचा भात आणि कॅरमल कस्टर्ड मागवायचे. चीज म्हणजे तेव्हा डब्यातलं, नाहीतर चकचकीत कागदातल्या तिकोनी वड्या.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी. १८ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांच्या नमुन्यांत जंतू शोधले, आता पगार न घेता जंतू पाळते. २०१० साली कविता मुखी यांनी मुंबईत शेतकरी बाजार सुरू केला. पुढे तो वांद्र्याला डिमॉन्टे पार्कात रविवारी भरायचा, तिथे मी सुरुवातीला नुसती खायला जायचे. गाजर मातीसकट, तांदूळ पिकवणाऱ्याच्या हातून, आणि एका टेबलावर कोणीतरी घरी केलेलं बकरीच्या दुधाचं चीज. चव आंबट, जराशी रानटी. त्या दिवशी भाजी घ्यायची राहिली, घरी बोलणी बसली.

२०१४ मध्ये स्वयंपाकघरात पहिला प्रयोग केला, पिशवीच्या दुधाचा. रेनेट (दूध बसवणारं विकर) घातलं, तासभर थांबले, तर पातेल्यात पेज. पिशवीतलं बरंचसं दूध होमोजिनाइज केलेलं असतं, त्यातली स्निग्धता इतकी बारीक फोडलेली की दूध बसतं, पण पोटात बळ नसतं. ढवळलं की भुगा. बाबा मागून म्हणाले, "अगं, तबेल्यात जा." त्यांच्या ओळखीने जोगेश्वरीचे एक भैयाजी मिळाले. आजही दूध त्यांचंच.

तबेल्याचं दूध आलं की आधी बाबांचा लॅक्टोमीटर (दुधातलं पाणी पकडणारी काचेची नळी) बुडतो, मग आमचं काम सुरू. ६३ अंशांवर अर्धा तास तापवायचं, ३५ पर्यंत थंड करायचं, विरजण घालायचं, मग रेनेट. तेही सूक्ष्मजीवांपासून केलेलं शाकाहारी, कारण आमच्या बाजारात पहिला प्रश्न तोच येतो. पाऊण तास पातेल्याला हात लावायचा नाही, घरात कोणी दारसुद्धा आपटायचं नाही. मग सुरीने वर एक चीर द्यायची आणि तिच्याखाली बोट घालून अलगद उचलायचं. चीर काचेसारखी स्वच्छ फाटली आणि फटीत हिरवट निवळी, म्हणजे दुधाचं पाणी, उतरली, तर दूध बसलं. कडा फाटक्या आल्या, बोटाला लिबलिब चिकटलं, तर अजून पाच मिनिटं. हे मी इतक्या वेळा केलंय की श्रीखंडाच्या चक्क्यातही आता सवयीने बोट जातं.

२०१६ च्या मे महिन्यात ६० लिटर दूध बसलंच नाही. विरजण घालून तीन तास झाले तरी पीएच, म्हणजे दूध किती आंबलं ते सांगणारा आकडा, ६.६ वरून ढिम्म हलेना. थर्मामीटर तपासला, विरजण बदललं, जाऊबाईंनी चूल, भांडी आणि माझं डोकं या तिन्हींवर संशय घेतला. शेवटी लॅबचं शहाणपण जागं झालं. भैयाजींना फोन केला. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "बहनजी, एक भैंस का थन सूजा था, इंजेक्शन दिया था." प्रतिजैविक दुधात उतरलं होतं, त्याने आमचं विरजण मारलं. भैयाजींनी न विचारता पैसे परत केले. तेव्हापासून म्हशीला इंजेक्शन दिलं की तिच्या गळ्यात लाल चिंधी असते, आणि डॉक्टरांनी सांगितलेले दिवस भरेपर्यंत तिचं दूध आमच्याकडे येत नाही. मी आजवर पाहिलेली सगळ्यात स्वस्त गुणवत्ता यंत्रणा ती.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत होती, म्हणून सुरुवातीला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याची, साधी नोंदणी पुरली, शुल्क वर्षाला १०० रुपये. पुढे परवाना आला, भाड्याची खोली आली, स्टीलची टाकी आली.

बाजाराने आम्हाला घडवलं असं मी म्हणते ते उगाच नाही. एका पारशी आजींनी आमचं ताजं पनीर चाखून मान हलवली. "डिकरा, टोपलीनं पनीर आवं नहीं होय." पारशी लग्नांत मिळणारं टोपली ना पनीर. छोट्या टोपल्यांत बसवलेलं, आपल्याच खारट निवळीत पोहणारं, बोट लावलं तर थरथरणारं. पूर्वी त्यासाठी कोंबडीच्या पोटाचं वाळवलेलं अस्तर वापरत. आम्ही लिंबू-व्हिनेगरवाल्या पनीरच्या वळणाने गेलो होतो, म्हणजे दूध फाडत होतो. आजींचं पनीर दूध बसवून व्हायचं, आणि दाबायचं अजिबात नाही. सहा रविवार आम्ही त्यांना नमुने दिले, सहा वेळा त्यांनी नाक मुरडलं. सातव्या वेळी त्यांनी काही न बोलता पिशवी उघडून चार टोपल्या आत टाकल्या. बुरुडाकडून टोपल्या आणायचं काम तेव्हापासून माझ्या नवऱ्याचं.

शेजारच्या टेबलावर वसईच्या एक मावशी सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, विकतात. एकदा दोघींचाही माल उरला, म्हणून सुकेळ्याच्या फोडीवर आमचं तीन महिने मुरलेलं चीज ठेवून खाल्लं. केळ्याची ती मधासारखी, जराशी धुरकट गोडी आणि वर खारट चीज. आता गिऱ्हाईक एकीकडे आलं की दुसरी त्याला सोडत नाही.

रेस्टॉरंटवाल्यांबद्दल माझं मत तितकंसं गोड नाही. एका नावाजलेल्या ठिकाणच्या शेफना आमचा माल आवडला, त्यांना बुर्राटा हवा होता. मोझरेलाची पिशवी, आत साय आणि चीजचे धागे, वर गाठ. पीएच ५.२ च्या आसपास आला की गोळा कढत पाण्यात मळून ताणायचा. हातमोजे दोन-दोन घातले तरी बोटं भाजतात. चार दिवसांत संपला नाही तर आंबतो. मेन्यूत आमच्या शहराचं नाव छापलं गेलं, घरात पेढे वाटले. पैसे? आज देतो, उद्या देतो, मालक बाहेर आहेत. लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यावं असा २००६ चा कायदा आहे, आम्ही पाच महिने थांबलो. नंतर आमचा नियम झाला, हॉटेलला माल रोखीने. दोनच ठिकाणं टिकली, पण तिथले आचारी स्वतः बाजारात येऊन चाखून नेतात. जाऊबाई म्हणतात, चाखून नेणारा बुडवत नाही. अजून तरी खरं ठरलंय.

मार्च २०२० मध्ये हॉटेलं बंद, बाजार बंद, म्हशींना मात्र कोणी काही सांगितलेलं नव्हतं. दूध येतच होतं. ताजं विकणं अशक्य, म्हणून सगळं मुरवायला ठेवलं. जुना फ्रिज १२-१३ अंशांवर अडकवला, आत ओला पंचा. सोसायट्यांच्या वॉचमनकेबिनमध्ये नवरा पुड्या ठेवून यायचा. ५ ऑक्टोबरला हॉटेलं निम्म्या क्षमतेने उघडली, तोवर आमच्याकडे सहा महिने मुरलेलं चीज तयार होतं, जे एरवी धीर नाही म्हणून आम्ही कधीच केलं नसतं. चीजच्या पहिल्या १४ चाकांपैकी (मोठ्या गोल वड्यांपैकी) ५ काळ्या बुरशीने गेली. उरलेल्या नवांनी त्या दिवाळीचा बोनस दिला.

२०२१ साली मुंबईच्याच एलेफथेरिया या चीज कंपनीच्या ब्रुनोस्टला वर्ल्ड चीज अवॉर्ड्समध्ये रौप्यपदक मिळालं, तेव्हा आमच्या जाऊबाईंना वेड लागलं. ब्रुनोस्ट म्हणजे निवळी आटवून केलेलं तपकिरी चीज, चवीला कंदी पेढ्याचा लांबचा भाऊ. निवळी तर आमच्याकडे रोज ५० लिटर, मोरीत जाणारी. त्यांनी आटवायला घेतली. अख्खा सिलिंडर संपला आणि हातात आली साडेतीनशे ग्रॅम करपट वडी. पदकवाल्यांबद्दलचा आदर आमच्या घरात त्या दिवशी फार वाढला.

२२ सप्टेंबर २०२५ पासून चीजवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. भाव उतरवला. एका काकांनी विचारलं, "क्वालिटी कमी केली का?"

बाबा आता ८४ वर्षांचे आहेत. फ्रिजमधली चाकं दर दोन दिवसांनी उलटवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय, आणि प्रत्येक चाकावर ते पेन्सिलीने तारीख टाकतात, जशी केंद्रावर क्रेटवर टाकायचे. लॅक्टोमीटर बुडवून रोज सकाळी एकच निकाल देतात, "पाणी नाही, पण फॅट कमी आहे." म्हशीचं दूध, ७ टक्के फॅट. आम्ही वाद घालत नाही.

पावसाळ्यात बाजाराचं मैदान चिखलात जातं, जुलै-ऑगस्ट टेबल बंद. एरवी रविवारी साडेआठपासून. टोपलीतलं पनीर दहापर्यंत संपतं. निवळी फुकट आहे, भाकरीचं पीठ भिजवायला आणि कढीला चांगली, फक्त बाटली घरून आणावी.